तारेचं वरचं टोक

समजा, हे काम तुमच्यावर सोपवलंय.

डोंगरमाथ्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिची एक बाजू उघडी आहे आणि त्या बाजूला दोन पावलांवर जमीन संपते. पुढे नुसती दरी. शेडच्या छताखाली एक भलंमोठं लोखंडी चाक आडवं बसवलंय. त्याला वळसा घालून जाड पोलादी तारेची दोन टोकं दरीत उतरतात. एका टोकाला वरचा पाळणा, दुसऱ्याला खालचा. वरच्या पाळण्यात बटाट्याच्या गोण्या भरल्या की तो आपल्याच वजनानं खाली निघतो आणि जाता जाता खालचा हलका पाळणा वर ओढून आणतो. रहाटाला दोन बादल्या लावल्यावर एक उतरते नि दुसरी चढते, तसं. इंजिन नाही, डिझेल नाही, वीज नाही. आहे तो ब्रेकचा लाकडी दांडा, आणि तो धरणारे तुम्ही.

खालचा माणूस तुम्हाला दिसत नाही, कारण मध्ये डोंगराचं पोट आलंय. त्या पोटापायीच फोनही लागत नाही. म्हणून तो काठीनं तारेवर ठोकतो आणि ती टकटक तार धरून वर येते. दोनदा ठोकलं, म्हणजे माझी तयारी झाली. तीनदा, म्हणजे सोड. एकदाच, म्हणजे थांब, असशील तिथे थांब. झालं. दिवसभरात जग तुमच्याशी बोलणार ते एवढंच.

आता दांडा धरा आणि ऐकत उभे राहा.

फेलोकाका रोज असाच उभा असतो. खांद्यावर गोणपाट, पायात जुने बूट, आणि कान तारेकडे. त्याला फेलोकाका म्हणायला लागून फार दिवस झालेले नाहीत. त्याआधी तो थोरला होता. त्याचा भाऊ धाकटा. गावात ही दोन नावं सुटी कधी घेतलीच जायची नाहीत. “थोरल्या-धाकट्याकडून पाठव,” “थोरल्या-धाकट्याला विचार, खाली भाव काय चाललाय.” दोघं खेचरवाले होते. गावातून जे उतरायचं आणि गावात जे चढायचं, ते सगळं त्यांच्या खेचरांच्या पाठीवरून. बटाटे, मीठ, शाळेचे बाक, एकदा तर एक आख्खं कपाट.

खेचरावर ओझं लादायला दोन माणसं लागतात. एकानं एका बाजूला उभं राहायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या, आणि दोन्ही गोण्या एकाच क्षणी उचलून खोगिराला अडकवायच्या. एक जरी आधी उचलली गेली तर खोगीर फिरतं, खेचर बिथरतं आणि लाथ बसते. पण मध्ये जनावर आणि त्यावर आधीचं सामान. पलीकडच्याचं तोंड दिसत नाही. म्हणून हे दोघे खोगिराच्या लाकडावर बोटांनी ठोकायचे. धाकटा आधी दोनदा. थोरला उत्तर म्हणून दोनदा. मग धाकटा एकदा, की उचल! हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला शिकवलं नाही.

गोण्या अडकवून झाल्या की थोरला ओझ्यापलीकडे आवाज द्यायचा, “जेवलास का रे?”

सकाळ असो, दुपार असो, प्रश्न हाच. आई गेली तेव्हा धाकटा अगदी लहान होता. त्याला भरवायचं काम थोरल्याकडे आलं आणि ते ओझं त्यानं पुढे कधी उतरवलंच नाही. थोरल्याची बायको लग्नानंतर लवकरच आजारपणात गेली, धाकट्यानं लग्न केलं नाही, चूल एकच राहिली. धाकट्याच्या दाढीत पांढरे केस आले तरी प्रश्न चालूच.

“अरे, घोड्याएवढा झालोय मी!” धाकटा वैतागायचा.

“खेचराएवढा म्हण. घोडा कधी पाहिलायस तू?”

त्यांच्या कळपात सगळ्यांत पुढे चालायची ती एक म्हातारी खेचरी. तिला म्हातारीच म्हणायचे. वाट तिला पाठ होती, आणि माणसांचं जेवण गवतापेक्षा जास्त आवडायचं. डबा उघडा राहिला की तिनं तोंड घातलंच म्हणून समजा.

मग एक दिवस गावात एक संस्था आली. संस्था म्हणजे एकटी इंजिनिअरताई, पाठीवर पिशवी, नाक उन्हानं सोललेलं. शाळेच्या खोलीत बैठक झाली. ती म्हणाली, “डोंगरातल्या गावांसाठी आमची फेलोशिप आहे. पैसा आणि प्रशिक्षण आमचं. पण काम कुठलं करायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि ते उभं करणारा माणूसही तुमच्यातलाच हवा. त्याला फेलो म्हणायचं.”

गावाला माल उतरवायचं साधन हवं होतं. रस्ता नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. समोरच्या गावानं रस्त्यासाठी डोंगर कापला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात अर्धी शेतं खाली घसरली होती. ते सगळ्यांना आपापल्या अंगणातून दिसत होतं. म्हणून पाळणा ठरला. मग सुतार उठला आणि म्हणाला, “पाळणा आला की खेचरं बसून राहणार. आपण ज्यांचं काम काढून घेतोय, फेलो त्यांच्यातलाच व्हावा.”

सगळ्यांना पटलं. ताईनं विचारलं, “म्हणजे कोण? मला एकच नाव लागेल.”

धाकटा त्या दिवशी खेचरं घेऊन वाटेवर होता. थोरला उठून हो म्हणाला. हो म्हणताना त्याच्या मनात दोघेही होते, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. धाकट्याला विचारावं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. उजवा हात उचलताना माणूस डाव्याला कुठे विचारतो?

संध्याकाळी धाकटा आला आणि अंगणात खोगिरं उतरवू लागला. थोरला घाईघाईनं बाहेर आला.

“ऐक, आपली निवड झाली!”

“कशाला?”

थोरल्यानं सगळं सांगितलं. चाक, तार, प्रशिक्षण. “खेचरं हळूहळू विकून टाकू. म्हातारी तेवढी ठेवू.”

धाकट्याचा हात पट्ट्यावरच थांबला. “विकायचं कोणी ठरवलं?”

“आपण.”

“आपण म्हणजे कोण? मी तर वाटेवर होतो.”

“अरे, पण तू काय नाही म्हणाला असतास?”

“नसतो म्हणालो. पण विचारायचं होतंस.” धाकटा आवाज चढवत नव्हता, हेच वाईट होतं. “म्हातारीच्या पाठीवर ओझं टाकण्याआधी तू तिच्या मानेवर हात ठेवतोस. तिला विचारतोस. मला कधी विचारलंस?”

 थोरल्याला खरंच वाटत होतं की आपण धाकट्याला सगळं विचारत आलोय.

सकाळी धाकट्यानं म्हातारीवर आपलं अंथरूण-पांघरूण लादलं. एकट्यानं लादायचं तर एका बाजूच्या गोणीला काठीचा टेकू द्यावा लागतो. थोरला मदतीला पुढे झाला, पण तोवर टेकू लागला होता. धाकटा उतरून गेला आणि खाली, मोटाररस्ता जिथे संपतो तिथल्या चहाच्या टपरीमागे खोली घेऊन राहिला. म्हातारीवरून पलीकडच्या खोऱ्यात किरकोळ सामान न्यायचा. त्यानं कोणाजवळ भावाबद्दल वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही.

पुष्कळ दिवसांनी, एकट्यासाठी चूल पेटवताना, थोरल्याच्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी आपण त्याला ‘जेवलास का’ म्हणून विचारलंच नव्हतं. बातमीच्या नादात राहून गेलं. तो उपाशीच झोपला होता आणि उपाशीच गेला.

फेलोशिपचं वर्ष सुरू झालं. प्रशिक्षणासाठी थोरला दूरच्या शहरात गेला. तिथे वेगवेगळ्या डोंगरांवरून आलेले फेलो होते. एक आटलेले झरे जिवंत करणारा, एक जुनं बियाणं जपणारी, एक लोकर विणणारी. सगळ्यांत वयस्क हाच. प्रत्येकानं उभं राहून आपलं काम सांगायचं होतं. थोरला म्हणाला, “आम्ही आधी खेचरं चालवायचो. आता आम्ही पाळणा चालवणार.” शिकवणारे सर खूश झाले. “पाहा, हे ‘मी’ म्हणत नाहीत, ‘आम्ही’ म्हणतात!” असं म्हणून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘आम्ही म्हणजे समुदाय’ असं लिहिलं. टाळ्या पडल्या. थोरला खाली बसला. त्याच्या ‘आम्ही’मध्ये फक्त दोन माणसं होती, पण फळ्यावर लिहून झालं होतं. आता काय बोलणार?

पाळणा मात्र गावानं जिद्दीनं उभा केला. तार माणसांनीच खांद्यावरून वर आणली. एकामागे एक अशी माणसांची रांग, लांबून पाहिलं तर एखादा अजगर डोंगर चढतोय असं वाटावं. पहिला पाळणा गोण्या घेऊन सुळकन उतरला तेव्हा सुतार बाईमाणसासारखा रडला आणि त्याच्या बायकोनं, सुतारणीनं, त्याला सगळ्यांदेखत विचारलं, “आपल्या लग्नात नाही रडलात ते?”

बटाटे कुजायचे थांबले. डोंगर कापावा लागला नाही. थोरला फेलोकाका झाला आणि शेडमध्ये एकटा पडला.

पूर्वी खेचरं आली की लोक अंगणात जमायचे. खालच्या बातम्या, कोणाचे निरोप, औषधाच्या बाटल्या, थट्टामस्करी. आता माल मुका यायचा. लोक गोण्या शेडपाशी टाकायचे आणि “काका, पाठवून द्या हं” म्हणून शेतावर पळायचे. सुतारीण तेवढी कधी थांबायची. “फेलोकाका, तुमच्याशी बोलायचं तर आता तारेवर ठोकावं लागेल,” म्हणायची. तो हसायचा. ती गेली की हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहायचं, पाहुणे गेल्यावर ताटं राहतात तसं.

खालच्या टोकाला त्याच चहाच्या टपरीवरची बाई होती. तीही गावचीच, पाळण्याचं काम त्याच्याबरोबर शिकलेली. तिचं ठोकणं दणदणीत. रागात असली की तार थरथरायची, खुशीत असली की टकटक नाचत यायची. काकाला तिचा चेहरा कधी दिसायचा नाही, पण तिची सकाळ कशी गेलीय ते कळायचं.

मग तिनं पायवाटेनं वर येणाऱ्या एकाकडून कळवलं की गुडघे गेलेत, ती लेकीकडे राहायला जाणार आहे.

हे ऐकून इंजिनिअरताई वर आली. फेलोशिप संपत आली होती. संपताना पाळणा गावाच्या ताब्यात द्यायचा होता, पण त्याला एक अट होती. दोन्ही टोकांना गावचीच, ओझ्याची समज असलेली माणसं हवीत. “तसं नसेल,” ताई म्हणाली, “तर संस्था पाळणा ठेकेदाराकडे देईल. मला ते नकोय. पण जोखमीचं काम आहे, कोणालाही उभं करता येणार नाही.”

शाळेच्या खोलीत पुन्हा बैठक. खाली जाऊन राहायला कोणी तयार नव्हतं. शेतं वर, गुरं वर. सगळे आपापल्या पायांचे अंगठे पाहत बसले. शेवटी सुतारच बोलला. “सगळ्यांच्या मनात आहे ते मी बोलतो. धाकट्याला सांगा.”

“तो येणार नाही,” काका म्हणाला.

“तो म्हणाला तसं?” सुतारणीनं विचारलं.

“नाही.”

“मग तुम्ही विचारलंत?”

काका पुन्हा आपल्या अंगठ्याकडे बघू लागला.

“म्हणजे त्याच्या वतीनं होही तुम्हीच म्हणायचं आणि नाहीही तुम्हीच म्हणायचं. त्या बिचाऱ्याला तोंड कशाला दिलंय मग? नुसतं दाढी ठेवायला?”

सगळे हसले. काका हसला नाही. कोणीतरी ओझ्यापलीकडून अचानक गोणी सोडावी, तसं त्याला झालं.

सुट्टीच्या दिवशी तो पायवाटेनं उतरला. टपरीमागच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत एक खाट दिसली, भिंतीला टांगलेलं खोगीर दिसलं, आणि फळीवर पालथं घातलेलं एक ताट. एकच. धाकटा म्हातारीला घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेला होता.

टपरीवाली बोचकी बांधत होती. काका म्हणाला, “त्याला विचार, तू गेल्यावर खालचं टोक धरतोस का.”

“सांगते. मोठ्या भावाचा निरोप आहे म्हणते.”

“नाही. निरोप नको. सांगू नको, विचार. हो म्हणाला तरी चालेल, नाही म्हणाला तरी चालेल.”

“आणि नाही म्हणाला तर तुमच्या पाळण्याचं काय?”

“तर जाईल ठेकेदाराकडे.”

तिनं बोचक्याची गाठ आवळली. “तुम्हा दोघांना एकाच गोणीत घालून दरीत सोडायला हवं. इतके दिवस मी मध्ये बसलेय, तो तुमचं विचारत नाही, तुम्ही त्याचं विचारत नाही, आणि पाळणा आला की धाकटा त्याच्याकडे असा बघतो, आणि वर तुम्हीही बघत असाल, जसं काही त्यात कोणी बसून आलंय.”

उत्तर घेऊन वर कोणी आलं नाही, आणि चिठ्ठी पाठवायला धाकट्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तारेला फक्त दोन, तीन आणि एक येतं. टपरीवाली ज्या दिवशी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी काका नेहमीसारखा शेडमध्ये जाऊन उभा राहिला. शेजारी ताई. वरचा पाळणा भरलेला. दरीत ढग असे दाटलेले की तार दहा हातांवर नाहीशी होत होती.

बराच वेळ काही नाही. ताई म्हणाली, “काका, उन्हं आली की मी खाली जाऊन बघते.”  काकानं हात उलटा करून बोटांची पाठ तारेला लावली होती. आजारी माणसाचं कपाळ बघतात तशी.

टक-टक.

“आलं!” ताई उडालीच. “दोन. तयारी झाली.”

काकाचा हात तारेवरून हलला नाही. हे ठोकणं दणदणीत नव्हतं. पहिला ठोका हलका, दुसरा त्याला चिकटून. त्यानं काठी उचलली आणि तारेवर दोनदा ठोकलं.

“काका, उत्तर द्यायची पद्धत नाहीये आपली.”

“थांब जरा.”

खालून एक ठोका आला. एकच.

“एक! एक म्हणजे थांबा. काहीतरी चुकलंय खाली. दांडा सोडू नका!”

“एक म्हणजे उचल,” काका म्हणाला, आणि त्यानं दांडा सैल केला. आधी केसभर, मग बोटभर. चाक कण्हलं आणि फिरू लागलं. पाळणा ढगात शिरला. ताईनं तोंडावर हात धरला होता. बऱ्याच वेळानं ढगातून खालचा पाळणा वर आला, त्यात मिठाच्या गोण्या, दोन्ही बाजूंना सारख्या, वजन असं तोललेलं की पाळणा जराही कलला नव्हता.

काकानं ब्रेक बांधला आणि एका गोणीवर जाऊन बसला. ताईनं विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” तो म्हणाला, “धूर गेला डोळ्यांत.” आसपास कुठे चूल नव्हती.

त्याच दिवशी ताई खाली उतरली. तिचं म्हणणं रास्त होतं. उद्या दुसरा कोणी दांड्यावर असेल, तेव्हा एक म्हणजे थांबच असायला हवं, नाहीतर एखाद्याचा जीव जाईल. काकालाही ते पटलं होतं. संध्याकाळी ती परत आली.

“काही म्हणाला का?”

“म्हणाले, समजलं. उद्यापासून दोन, तीन आणि एकच.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.” मग जरा आठवून ती म्हणाली, “त्यांची खेचरी फार गोड आहे. माझी बिस्किटं खाल्ली तिनं. कागदासकट.”

दुसऱ्या दिवसापासून तारेवर नियमाचं ठोकणं आलं. दोन. तीन. अडलं तर एक. नेमकं, सारख्या अंतरानं, कोणाचंही असावं असं. पाळणा गावाच्या ताब्यात आला. ताईनं शेडसमोर सगळ्यांचा फोटो काढला, त्यात काका कडेला उभा आहे आणि दरीकडे बघतोय. फेलोशिप संपली, नाव तेवढं राहिलं.

आता दोघे भाऊ पुन्हा एकच ओझं उचलतात. पूर्वी त्यांच्यामध्ये एका जनावराची पाठ असायची, आता सगळी दरी आहे. काम चालू असताना वरच्याला वर आणि खालच्याला खालीच राहावं लागतं, पाळणा आहेच तसा. सुट्टीच्या दिवशी धाकटा म्हातारीला चरायला नेतो. काका एकदा पुन्हा उतरला होता. खोलीला कुलूप. ते पाहून त्याला वाईट वाटलं आणि थोडं हायसंही वाटलं. हायसं का वाटलं, यावर वाट चढताना तो विचार करत राहिला.

मग त्यानं एक केलं. एका सकाळी जास्तीचा स्वयंपाक केला, डब्यात भरला, डबा फडक्यात बांधला आणि गोण्यांच्या खाचेत नीट बसवून दरीत सोडला. कोणाला काही सांगितलं नाही. दुपारनंतरच्या फेरीत डबा परत आला. रिकामा, राखेनं लख्ख घासलेला, फडकंसुद्धा धुऊन पिळलेलं. काकानं झाकण उघडून वास घेतला. राखेचा वास, बस्स. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा पाठवला. पुन्हा तसाच आला.

आता रोज जातो आणि रोज येतो. सुतारणीनं एकदा पाहिलं. “कोणासाठी हो काका?” म्हणाली, मग स्वतःच जीभ चावली.

संध्याकाळी शेवटची फेरी झाली की काका चाकाला तेल घालतो, दांडा बांधतो, आणि घासलेला डबा मांडीवर घेऊन थोडा वेळ उघड्या बाजूला बसतो. खाली ढगांच्या तळाशी एक दिवा लागतो, तो त्या खोलीचा असू शकतो किंवा रस्त्यावरचा. कधी कधी तो काठी उचलून तारेपाशी नेतो आणि परत ठेवतो. तयारी झाली हे ठोकता येतं, सोड हे ठोकता येतं, थांबही ठोकता येतं. त्याला विचारायचंय ते कसं ठोकणार? डबा तर घासून येतो, पण रिकामा कोणी केला हे रिकामा डबा सांगत नाही, आणि खाली म्हातारी आहे.

जेवलास का रे? का सगळं तिलाच घातलंस?